घोडीला बैल समजणारं घर

आमच्या दारात घोडी आली तेव्हा घोडा म्हणजे काय हे घरातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. बैल ठाऊक होते. भाईंदरजवळच्या आमच्या राई गावात तेव्हा भाताच्या खाचरात बैल, मिठाच्या गोणी वाहायला बैल, सरपण आणायलाही बैल. माझ्या सासऱ्यांना बैलांतलं इतकं कळायचं की मुर्ध्यापासून डोंगरीपर्यंतचे लोक आपले नवे खोंड त्यांच्याकडे शिकवायला सोडून जायचे. जनावराचा विषय निघाला की ते जरा ताठ बसायचे. घोडीही जनावरच, तेव्हा तीही जमेल, असं त्यांनी सरळ धरून टाकलं.

सत्तर साल अजून उजाडायचं होतं. मी लग्न होऊन पेणकडून इथं आले त्याला दोन वर्षं झाली होती. माहेरीही मिठागर आणि सासरीही मिठागर, त्यामुळे पायांना काही फरक कळला नाही. फरक होता तो सासऱ्यांचा. मी त्यांना मामंजी म्हणायचे. अख्खं घर त्यांच्या खाकरण्यावर चालायचं. बाहेरून आले की ते ओट्यावर खाकरायचे, आणि त्या एका खाकरण्यात पाणी, पाट आणि ताट तिन्ही आलं. मीही काही गरीब गाय नव्हते. राग माझ्या नाकावर असायचा, पण तो मी भांड्यांवर काढायचे. घरातल्या तांब्यांना जेवढे पोचे आहेत ते सगळे तुझेच, असं सासूबाई म्हणायच्या आणि ते खरंच होतं.

मग एके दिवशी मामंजी मिठागराच्या बांधावरून पडले. गुडघा गेला. हाडवैद्यानं तो बसवला, पण पुन्हा तो नीट वाकला नाही. हातात काठी आली. ज्या माणसानं चाळीस वर्षं अनवाणी पायांनी बांध तुडवले त्याला आता अंगणातून विहिरीपर्यंत जायला दम लागायचा. मिठागर सुटलं, नांगर सुटला, आणि ते दिवसभर ओट्यावर बसून राहिले. काम नसलेला कर्ता माणूस घरात बसला की घराचं काय होतं हे मी तेव्हा पाहिलं. मी केर काढते तो उलट्या दिशेनं काढते असा शोध त्यांनी लावला. भाताला पाणी किती घालायचं हेही ते सांगायला लागले. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ओरडतात तोवर बरं आहे, गप्प बसतात तेव्हा मला भीती वाटते. आणि ते हळूहळू गप्प बसायला लागले होते.

अशात भाईंदर स्टेशनच्या टांगा स्टँडवरच्या एका म्हाताऱ्यानं टांगा सोडला. त्याचा घोडा म्हातारपणानं गेला होता, नवा घेऊन शिकवायची उमेद त्याच्यात नव्हती. मामंजींनी तो टांगा आणला. सासूबाईंनी विचारलं, हे काय नवीन? तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं ते मी दारामागून ऐकलं.

"टांग्याला गुडघा लागत न्हाय," ते म्हणाले. "बसून हाकायचा."

त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव आला होता. स्टेशन ते उत्तन रस्त्यावर माणसं होतीच, मासळीवाल्या होत्या, शाळेतल्या बाई होत्या, डोंगरीच्या चर्चला जाणारी कुटुंबं होती. फक्त घोडा हवा होता.

घोडी कल्याणकडच्या एका व्यापाऱ्यानं आणून दिली. उंच माणूस, डोक्याला रुमाल, बोलणं अर्धं हिंदी. त्यानं काही लपवलं नाही. घोडी मुंबईत व्हिक्टोरिया गाडीला जुंपलेली होती, तिथं बिथरली, मग मार खाल्ला, मग आणखी बिथरली. दिवाळी नुकतीच झाली होती. तो म्हणाला, होलीके बाद आऊंगा. तोवर बाबांच्या हाती टांग्याला चालली तर तुमची, नाही चालली तर मी घेऊन जाणार. मग हिचं काय करणार, असं सासूबाईंनी विचारलं. वीटभट्टीवर माती ओढेल, असं तो सहज सांगून गेला. म्हणजे शिमग्यापर्यंतची मुदत होती. घोडी चालली तर मामंजी टांगेवाले, नाही तर पुन्हा ओटा.

तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, बरगड्या मोजता येतील अशी घोडी होती ती. पाठीवर जुन्या वळांच्या जागी केस उगवले नव्हते. तिला पाहून मला काही माया वगैरे वाटली नाही. आणखी एका तोंडाला चारा घालायचा, एवढंच मनात आलं.

आता बैल शिकवायची आमच्याकडची रीत अशी, की नवा खोंड जुन्या शहाण्या बैलाशेजारी जुंपायचा. जुना चालतो, नवा त्याच्याबरोबर ओढला जातो, आणि आठ दिवसांत दोघं एका चालीनं चालायला लागतात. मामंजींनी आयुष्यभर हेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमचा म्हातारा बैल गाडीला उजवीकडे उभा केला आणि डावीकडे घोडी आणवली. जू ठेवलं. ते घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं की घोडीला वशिंडच नाही, जू अडकणार कशात?

इथं दुसऱ्या कुणी हात टेकले असते. मामंजींनी गोणपाट मागवलं. त्याची जाड घडी करून ती घोडीच्या मानेमागे दोरीनं आवळली आणि घोडीला वशिंड तयार केलं. आम्ही सगळे बघत होतो, आणि खरं सांगते, त्या वेळी एकालाही यात काही चूक वाटली नाही. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, मुंबईला कारखान्यात कामाला होते, त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी होते. तेही दोरीची गाठ पक्की करत होते. मग मामंजींनी बैलाला देतात तशी मागून थाप दिली आणि "हैक" म्हणाले.

पुढचं सगळं एकदम झालं. घोडीनं मागचे दोन्ही पाय झाडले, जू उडालं, गोणपाटाचं वशिंड पोटाखाली लोंबायला लागलं. घोडी खाडीच्या चिखलाकडे सुटली. बैल उलट्या दिशेला शेजाऱ्यांच्या वालात शिरला. घोडीला आणायला चार माणसं लागली आणि ती चारही माणसं कमरेपर्यंत काळी होऊन परत आली. म्हाताऱ्या बैलानं तर इतका धसका घेतला की दोन दिवस जू दिसलं की तो मागे सरायचा. शहाण्या बैलानं नव्या जनावराला शिकवायचं, ते राहिलं बाजूला, नव्यानंच त्याला शिकवलं होतं. आम्ही बायका चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसलो. मामंजी मात्र हसले नाहीत.

त्यानंतर घोडी परसात रानभेंडीच्या मोठ्या झाडाखाली बांधलेली असायची आणि कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. त्या भेंडीच्या जागी आता एका बिल्डिंगच्या गाड्या उभ्या राहतात. चारा लांबून टाकायचा, पाण्याची बादली ढकलत न्यायची. मामंजी दिवसातून तीनदा काठी टेकत तिच्यापाशी जायचे, ती त्यांच्याकडे पाठ करून थरथरत उभी राहायची, ते ओरडायचे आणि परत यायचे. घोडी खोडील निघाली, असं त्यांनी जाहीर केलं.

मी त्यात कशी आले, तर सावलीसाठी. मिठागराचं काम सुरू झालं होतं. दुपारी उन्हातून आले की अंग पेटलेलं असायचं, हातांवर, कोपरांवर मिठाचं पाणी वाळून पांढरे पापुद्रे धरलेले असायचे. घरात गेलं की लगेच काम. म्हणून मी विहिरीवर पाय धुवायच्या निमित्तानं परसात जाऊन भेंडीला टेकून घोडीकडे पाठ करून बसायचे. मला घोडीशी काही देणंघेणं नव्हतं. मला घटकाभर कुणी हाक मारू नये एवढंच हवं होतं. बहुतेक तिलाही तेच हवं होतं.

पहिल्या दिवशी ती दोरी ताणून लांब उभी राहिली. तिसऱ्या दिवशी दोरी सैल असल्याचं मला दिसलं. पाचव्या-सहाव्या दिवशी मी डोळे मिटून बसले असताना मानेवर ऊन ऊन श्वास आला. मी हलले नाही. हलायचंच नाही असं काही ठरवलेलं नव्हतं, घाबरून हलले नाही. मग माझ्या कोपराला काहीतरी खरखरीत लागलं. ती मीठ चाटत होती. आधी कोपर, मग मनगट, मग तळहात उघडून दिला तर तोही. मला इतका आनंद झाला की मी तो कुणालाच सांगितला नाही, वाटून घ्यायची इच्छाच झाली नाही. त्या दिवशी भांडी अगदी हळू घासली गेली, आणि तुला बरं नाही का, असं सासूबाईंनी विचारलं.

त्यानंतर मी मुद्दाम जाऊ लागले. मला कुणी शिकवलं नाही, तीच शिकवत गेली. मागून जायचं नाही, तिला दिसेल असं बाजूनं जायचं. जवळ जाण्याआधी बोलायचं. तिनं कान मागे पाडले की थांबायचं आणि आपणच दोन पावलं मागे यायचं. मग ती पुढे येते. हात आधी खांद्यावर, तोंडावर कधीच नाही. आणि तिला कंटाळा येण्याआधी आपण उठून जायचं, म्हणजे उद्या ती वाट बघते. बोलायचं काय, तर मी तिच्यापाशी मामंजींची गाऱ्हाणी सांगायचे. एक कान माझ्याकडे वळवून ती सगळं ऐकून घ्यायची. घरात मला इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

खरी अडचण साजाची होती. टांग्याच्या घोड्याच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा असतो. तो नुसता वाजला तरी ती अंग चोरायची. त्या आवाजानंतर काय व्हायचं ते तिच्या पाठीवर लिहिलेलंच होतं. पट्टा तिला दाखवून, हुंगायला देऊन झालं, पण वाजला की पुन्हा तेच. शेवटी एका सकाळी माझं डोकं फिरलं. मी तो पट्टा स्वतःच्याच कमरेला बांधला आणि अंगण झाडायला लागले. झाडलं, शेण सारवलं, विहिरीवरून पाणी आणलं, सगळं छुमछुम करत. विहिरीवर बायका काय काय बोलल्या ते इथं लिहिण्याजोगं नाही. एकीनं तर नवरा कधी परत आला असं विचारलं. सासूबाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावून ओट्यावर बसल्या.

पंधरा दिवस मी घुंगरं बांधून वावरले. घोडी आधी लांब गेली, मग थबकली, मग घुंगरांचा आवाज आला की कान टवकारून माझी वाट बघायला लागली, कारण त्या आवाजानंतर आता मूठभर भिजवलेले चणे यायचे. एके दिवशी पट्टा कमरेचा सोडून मी तिच्या गळ्यात घातला. तिनं मान झटकली, घुंगरं वाजली, तिनं पुन्हा झटकली. तिसऱ्यांदा ती ते मुद्दाम करतेय हे मला कळलं. मी तिथंच खाली बसून हसत सुटले.

मग टांगा. टांग्याची चाकं खडखडली की तिच्या अंगावर काटा यायचा. आता कमरेला टांगा तर बांधता येत नाही. एका रविवारी मी आमच्या ह्यांना सांगितलं, आपण ओढू. ते माझ्याकडे बघतच राहिले, पण आले. टांग्याचा एक दांडा त्यांनी धरला, एक मी, घोडी माझ्या बाजूला मोकळ्या दोरीनं. रिकामा टांगा हलका पडून डोलायला लागला म्हणून सासूबाईंना मागे बसवलं. त्या डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर टोपली घेऊन अशा बसल्या की जणू खरंच उत्तनला निघाल्यात. असे आम्ही राईच्या रस्त्यानं निघालो. लोक दारात आले. सुनेला टांग्याला जुंपली, असं कुणीतरी म्हणालं, आणि सासूबाई मागून म्हणाल्या, "चालते पण बरी."

त्या दिवशी अख्खं गाव हसत होतं आणि मी सगळ्यांत जास्त. घोडी माझ्या खांद्याला नाक लावून चालत होती, चाकं खडखडत होती आणि तिला काही वाटत नव्हतं. परत आलो तेव्हा मामंजी ओट्यावर नव्हते. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझं हसू तिथंच विरलं. जे काम करण्यात त्यांचा जन्म गेला ते त्यांच्या डोळ्यांदेखत सून करत होती, तेही गावाला हसवून.

माघात घोडीनं टांगा घेतला. माझ्या हाती. मी तिला मिठागराच्या रस्त्यानं फेरी मारून आणायचे. दुडक्या चालीनं ती निघाली की दोन्ही बाजूंना मिठाच्या राशी पांढऱ्या लखलखायच्या, खाडीवरून गार वारा यायचा, आणि मला मोठमोठ्यानं ओरडावंसं वाटायचं. तितका निखळ आनंद मला पुढं आयुष्यात फार थोड्या वेळा मिळाला. पण माझ्या हाती चालून काय उपयोग? त्या काळात राईच्या सुनेनं स्टँडवर टांगा लावणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि शर्तही तशी नव्हती. मामंजी समोर आले की ती पुन्हा तीच जुनी घोडी व्हायची. डोळ्यांतलं पांढरं दिसायचं, पाय नाचायला लागायचे.

मला वाटायचं, त्यांच्या आवाजाला भिते. मग वाटलं, त्यांच्या विडीच्या वासाला. खरं कारण एका कुत्र्यामुळे कळलं. परसात वाळत घातलेल्या बोंबलांवर कुत्रं आलं. दारापाशी मामंजींची काठी टेकवलेली होती. मी ती उचलून धावले. कुत्रं पळालं, पण मागे दोरी तुटल्याचा आवाज आला. घोडी कुंपणापाशी जाऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, जणू मला ओळखतच नाही. मी काठी टाकली, हाक मारली, हात पुढे केला. ती आली नाही. दोन दिवस आली नाही. तीन महिने कमावलेलं मी एका क्षणात घालवलं होतं. मला रडू फुटलं, पण रडता रडताच डोक्यात लख्ख पडलं. ती मामंजींना भीत नव्हती. ती काठीला भीत होती.

आता हे त्यांना सांगणार कोण? सून सासऱ्याला काठी टाका म्हणणार? मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी जेवायला वाढता वाढता त्यांना सांगितलं. मामंजींनी ताट सरकवलं.

"काठी टाकून काय, रांगत जाऊ तिच्यासमोर?" ते म्हणाले आणि उठले.

काठीशिवाय ते दहा पावलं चालले तरी पडतील हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांना सगळ्यांत जास्त. मी पुन्हा तो विषय काढला नाही. पण चार-पाच दिवसांनी आतल्या खोलीत केर काढताना मला चुन्याच्या भिंतीवर हाताचे डाग दिसले. एका ओळीत, दारापासून कोपऱ्यापर्यंत, मामंजींच्या खांद्याच्या उंचीवर. दिवसेंदिवस नवे डाग विरळ पडत गेले, म्हणजे दोन डागांतलं अंतर वाढत गेलं. भिंत पुसायची माझी पाळी होती. मी ती पुसली नाही, आणि सासूबाईंनीही का पुसली नाही असं विचारलं नाही.

होळी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळीच व्यापारी आला. भेंडीखाली घोडी बघून तो थबकला. अंग भरलं होतं, केसांवर चकाकी आली होती. त्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली, आणि मला उमगलं, की ती घोडी आता वीटभट्टीवर जाणारी नव्हती, तिला कुठंही गिऱ्हाईक मिळालं असतं. बहू चलाती है असं स्टेशनवर ऐकलं, तो म्हणाला. लेकिन बात बाबाकी हुई थी. मी टांगा जोडायला पुढे झाले. मामंजी ओट्यावरून म्हणाले, "थांब."

ते उठले. काठी त्यांनी ओट्याला टेकवली आणि रिकाम्या हातांनी अंगणात उतरले. ओट्यापासून घोडीपर्यंत पंचवीस-तीस पावलं असतील. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. ते एक पाय ओढत, दोन्ही हात जरा पसरून चालत होते. दहा पावलं झाली, बारा झाली. पंधराव्याला गुडघा लचकला आणि ते वाकले. मी धावणार होते, पण त्यांनी मागे न बघता हात वर केला. कुणी यायचं नव्हतं. ते तसेच उभे राहिले. धरायला काही नव्हतं, भिंत मागे राहिली होती. पुढे जाता येत नव्हतं आणि परतही फिरता येत नव्हतं.

घोडीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिचे कान पुढे होते. टांगा जोडायला पुढे झाले तेव्हाच मी तिची दोरी सोडली होती.

"ये गो बाय," मामंजी म्हणाले, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं. "माझ्यानं येववत न्हाय."

ती लगेच आली नाही. त्यांना थांबावं लागलं, आणि ते थांबले. मग तिनं एक पाऊल टाकलं, थांबली, आणखी एक टाकलं, आणि त्यांच्या शेजारी येऊन, बैल उभा राहतो तशी, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मामंजींनी तिच्या मानेवरून हात टाकला आणि सगळा भार तिच्यावर दिला. ती जराही हलली असती तर ते कोसळले असते. ती हलली नाही. त्यांनी कपाळ तिच्या मानेला टेकवलं, आणि त्यांची पाठ हलत होती. सासूबाई माझं मनगट सोडून रडायला लागल्या. मी रडले नाही, मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

मग ते दोघं टांग्यापर्यंत चालत आले, तिच्या चालीनं नाही, त्यांच्या चालीनं. ती एकेक पाऊल मोजून टाकत होती. साज त्यांनी स्वतःच्या हातानं चढवला. कुठला पट्टा कुठं, हे मी हळू आवाजात सांगत गेले आणि ते तसं करत गेले. टांग्यात चढून बसल्यावर ते व्यापाऱ्याला म्हणाले, बसा, टेसनवर सोडतो. तो उंच माणूस रुमाल सावरत मोठ्यानं हसला आणि मागे चढून बसला. जी घोडी न्यायला आला होता तिनंच त्याला परत पोचवलं.

ते गेले आणि मी दारात उभी राहिले. चूल विझली होती, कामं पडली होती, माझं लक्ष रस्त्यावरून हलत नव्हतं. रेल्वे फाटकापाशी गाडीची शिट्टी झाली तर? कुणाच्या हातात छडी असली तर? तासाभरानं घुंगरं ऐकू आली. चाल शांत होती. मामंजी ताठ बसले होते, लगाम सैल, आणि स्टँडवरच्या इतर टांगेवाल्यांनी त्यांना रांगेत पाचवा नंबर दिल्याचं ते दुरूनच सासूबाईंना ओरडून सांगत होते. टांगा माझ्यापाशी येऊन थांबला. घोडीनं मला हुंगलं. मी वाट बघत होते, की आता घोडी सोड म्हणतील, पाणी आण म्हणतील.

"कुठं जायाचं तुला?" त्यांनी विचारलं.

विहिरीवर जा, मिठागरावर जा, दळण घेऊन ये, हे सगळं मला ठाऊक होतं. मला कुठं जायचंय हे त्या घरात काय, लग्नाआधीही मला कुणी विचारलं नव्हतं. मी इकडं तिकडं बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. शेवटी मी म्हटलं, उत्तनला, समुद्रावर. आणि अंगात आलेलं धाडस जाईल म्हणून लगेच म्हणून टाकलं की येताना लगाम मी धरीन.

मामंजींनी थोडा विचार केला. मग ते गुडघा हातानं उचलून बाजूला सरकले आणि लगाम माझ्याकडे धरला.

"जातानाच धर," ते म्हणाले. "मला अजून शिकायचं हाय."